लेकीचा बी.एड.चा अर्ज परत आला तर

आई-बाबांनो, आपल्या सास्तूर, माकणी, लोहाऱ्याच्या पट्ट्यात पेरण्या आणि कॉलेजचे प्रवेश एकाच वेळी अंगावर येतात. घरातलं माणूस न् माणूस सोयाबीन-तुरीच्या मागं लागलेलं असतं, बियाण्या-खताची उधारी डोक्यात असते आणि पोरगी मोबाइलवर याद्या बघत असते. अशात एखाद्या संध्याकाळी ती सांगते, “बाबा, माझा बी.एड.चा फॉर्म रिजेक्ट झालाय.” तुम्ही विचारता, “म्हणजे काय झालंय?” तिला धड सांगता येत नाही, कारण तिलाही धड कळलेलं नसतं. मग घरातलंच कुणीतरी म्हणतं, “जाऊ दे. नशिबात नसंल.”

हे ‘जाऊ दे’ मला फार खुपतं. या भागात शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. मला शिक्षक व्हायचंय, असं म्हणणारी कितीतरी मुलं माझ्या वर्गात बसून गेली. त्यातली बरीच जणं मार्क असूनही एखाद्या कागदापायी मागं राहिली. मुलींचं दुखणं तर आणखी खोल. बी.एड. म्हटलं की आपल्याकडे बापाचं मन लवकर वळतं. शाळेची नोकरी, सुट्ट्या, गावात मान, म्हणून लेकीला त्यासाठी परवानगी मिळते. दुसरं काही शिकते म्हणाली असती तर कदाचित मिळाली नसती. म्हणजे तिच्यासाठी हा एकच दरवाजा उघडा असतो. तो लागला की पंधरा दिवसांत घरात स्थळांचा विषय निघतो. म्हणून तुमच्याशी हे बोलायला बसलो.

अर्ज नाकारल्यावर मी घरोघरी दोनच तऱ्हा पाहिल्या. एक, कपाळावर हात मारून गप्प बसायचं. दुसरी, ओळखीचा पुढारी नाहीतर ‘काम करून देणारा’ माणूस गाठायचा. तिसरी वाट फार कमी जण धरतात. ती म्हणजे कारण काय लिहिलंय ते वाचायचं आणि मुदतीच्या आत, लेखी, पुराव्यासकट म्हणायचं की हे पुन्हा तपासा. यात कुणाशी भांडण नाही आणि कुणापुढं पदर पसरणंही नाही. नियमानंच ती सोय ठेवलेली आहे.

आधी अर्ज नाकारतं कोण, हे कळायला हवं. कितीतरी पालक थेट कॉलेजात जाऊन प्राचार्यांपुढं हात जोडून उभे राहतात. त्यांच्या हातात बहुतेक वेळा काही नसतं. बी.एड.चे प्रवेश मुख्यतः मुंबईच्या राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत, म्हणजे आपण ज्याला सीईटी सेल म्हणतो त्यांच्यामार्फत होतात. आधी सीईटीची परीक्षा. ती दिल्यावर प्रवेशासाठी वेगळी ऑनलाइन नोंदणी. सीईटी दिली म्हणजे अर्जही झाला, असं समजून काही मुलं इथंच थांबतात आणि यादीत नाव आलं नाही की ‘मला नाकारलं’ म्हणतात. नोंदणीत कागद अपलोड करायचे, मग त्यांची ऑनलाइन तपासणी होते. काही कमी असेल तर त्रुटी काढून अर्ज परत येतो. त्यानंतर तात्पुरती गुणवत्ता यादी लागते, तिच्यावर तक्रार करायला मोजके दिवस मिळतात, मग अंतिम यादी, कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचा ऑप्शन फॉर्म आणि त्यापुढं एकेक राउंड.

त्यामुळं पोरगी ‘रिजेक्ट झाला’ म्हणाली की नेमकं कुठं अडलंय ते बघा. नुसती त्रुटी निघाली असेल तर ती दुरुस्त करून अर्ज परत पाठवायचा असतो, तो नकार नव्हे. कधी अर्ज चालतो, पण राखीव प्रवर्ग काढून नाव खुल्या गटात टाकलेलं असतं. कधी खरोखरच ‘अपात्र’ असं लिहिलेलं असतं. कधी पहिल्या राउंडमध्ये कॉलेज मिळालेलं नसतं एवढंच, आणि पुढचा राउंड शिल्लक असतो. आणि कधी कॉलेज मिळून, रिपोर्टिंगला गेल्यावर मूळ कागद नाही म्हणून प्रवेश अडतो. प्रत्येकाचं उत्तर निराळं आहे. घरात रडारड सुरू करण्याआधी तिला लॉगिन उघडायला सांगा, समोरच्या पानाचा फोटो काढायला सांगा आणि कारणाची ओळ तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. “कुणामुळं झालं हे?” हा प्रश्न त्या दिवशी विचारूच नका. ती आधीच घाबरलेली असते, आणि घाबरलेलं पोर बापाला खरं कारण सांगत नाही.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. आपल्याच भागातली मुलगी, बी.ए.ला चांगले मार्क, इतर मागास प्रवर्गातली. नॉनक्रिमीलेअरचा दाखला 31 मार्चला संपतो हे वडिलांना माहीत होतं. त्यांनी तहसीलला फेऱ्या मारल्या, उमरग्याच्या प्रांत ऑफिसातून नवीन दाखला वेळेत काढून आणला. तो घरात पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला. फॉर्म भरला एका ऑनलाइन सेंटरवर. सेंटरवाल्या पोरानं तिच्या नावाच्या फोल्डरमध्ये पडलेला जुना दाखला चढवला, कारण दोन वर्षांपूर्वी तिचाच शिष्यवृत्तीचा फॉर्म त्यानंच भरला होता. वर फॉर्ममध्ये मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा टाकला, ओटीपी पटकन मिळावा म्हणून. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, रांगेत पन्नास पोरं उभी होती. पण त्रुटीचा मेसेज गेला त्याच्या फोनवर, आणि त्या दिवसांत त्याच्या फोनवर असे किती मेसेज येत असतील! दुरुस्तीची मुदत निघून गेली. तात्पुरत्या यादीत मुलीच्या नावापुढं खुला प्रवर्ग दिसला.

वडील मला म्हणाले, “सर, दाखला तर पेटीत हाय की.”

त्या एका वाक्यात सगळं प्रकरण आलं होतं. दाखला होता, तारखेच्या आतला होता, फक्त जिथं पाहिजे तिथं पोचला नव्हता. तक्रारीची मुदत अजून संपली नव्हती. आम्ही तिलाच लिहायला बसवलं. आधी तिनं दोन पानं भरून लिहिलं: घरची परिस्थिती, वडिलांचं कर्ज, लहान भाऊ, शिक्षक व्हायचं लहानपणापासूनचं स्वप्न. सगळं खरं होतं. पण तपासणाऱ्या माणसाला त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. मग तिनं ते बाजूला ठेवून पुन्हा लिहिलं. अर्ज क्रमांक, सीईटीचा बैठक क्रमांक, नाव दहावीच्या गुणपत्रकावर आहे तसं. “तात्पुरत्या गुणवत्ता यादीत माझा प्रवर्ग खुला दाखवला आहे. कारण: नॉनक्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत संपलेली. माझ्याकडे मुदतीतील प्रमाणपत्र आहे, क्रमांक अमुक, दिनांक अमुक. अर्जासोबत चुकून जुनी प्रत जोडली गेली. मूळ प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडत आहे. कृपया प्रवर्ग दुरुस्त करून अंतिम यादीत समावेश करावा.” बस, एवढंच. दाखल्याचा फोटो न काढता स्कॅन केला, कारण फोटोत शिक्का काळा येतो आणि बारकोड वाचता येत नाही. तक्रार पाठवल्यावर आलेला क्रमांक वहीत लिहून ठेवला. अंतिम यादीत तिचा प्रवर्ग बरोबर आला.

प्रत्येक तक्रार अशी सुटते, असं मी म्हणणार नाही. पण तक्रार लिहिताना कारण, पुरावा आणि मागणी या तीन गोष्टी एकमेकींना चिकटून हव्यात, हे तिच्या त्या अर्ध्या पानातून मी पुष्कळ मुलांना दाखवत आलोय. कारण त्यांनी दिलेलं असतं, पुरावा आपल्याकडं असतो, मागणी नेमकी हवी. ‘न्याय मिळावा’ ही मागणी नव्हे. ‘प्रवर्ग दुरुस्त करावा’ ही मागणी.

आणि तक्रार चालू आहे म्हणून प्रक्रियेच्या बाहेर उभं राहू नका. खुल्या गटातून नाव आलं असेल तर खुल्यातूनच ऑप्शन फॉर्म भरायला सांगा, राउंडच्या तारखा पाळायला सांगा. पुष्कळ पोरं ‘आधी निकाल लागू दे’ म्हणत राउंड सोडतात आणि निकाल बाजूनं लागला तरी जागा उरलेली नसते.

मुली लग्नानंतर शिकत असतील तर आणखी एक अडचण हमखास येते. गुणपत्रकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. तपासणाऱ्याला ही दोन वेगळी माणसं वाटली तर त्याचा दोष नाही. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याचं राजपत्र आधीच काढून ठेवा. सासू-सासऱ्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे. सुनेला शिकू देता, हे मोठंच आहे. मग ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणीचा दाखला आणायला मुलाला पाठवा.

जात वैधतेचं प्रकरण मात्र लांबलचक असतं आणि इथं पालकांशिवाय काही हलत नाही. पोरीला काय माहीत तिच्या पणजोबांचं नाव शाळेच्या रजिस्टरात कसं लिहिलंय? इतर मागास प्रवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात. आपला मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं जुने कागद उर्दूत नाहीतर मोडीत निघतात आणि ते वाचून घ्यावे लागतात. त्यात आपल्या भागात 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. 3 वाजून 56 मिनिटांनी जो भूकंप झाला त्यात माणसं गेली, घरं गेली, आणि घरातल्या कोनाड्यातले, पेट्यांतले कागदही मातीत गेले. ज्या घरात आजोबांचा दाखलाच उरला नाही तिथं भाऊबंदकीतला कुणाचा तरी शोधावा लागतो, वंशावळ जुळवावी लागते. चुलत्याशी बांधावरून बोलणं बंद असेल तर लेकीसाठी ते आधी सुरू करा. त्याच्या मुलाची वैधता झालेली असेल तर तुमच्या लेकीचं काम पुष्कळ सोपं होतं.

भूकंपाचा विषय निघालाच आहे तर एक आठवण करून देतो, कारण आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या तुमच्यापैकी बहुतेकांनी ते दिवस पाहिले आहेत. त्या आपत्तीनंतर या पट्ट्यातली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. घर कुणाला केवढं द्यायचं याचे निकष ठरले होते: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला 250 चौरस फूट, त्याच्या वर सात हेक्टरपर्यंत 400 आणि त्याहून जास्त जमीन असेल तर 750. याद्या लागल्या. कुणाचं नाव सुटलं, कुणाची जमीन कमी लागली, कुठं दोन भावांचं कुटुंब एक धरलं गेलं. तेव्हा तुमच्या आई-वडिलांनी काय केलं? घरातली माती अजून निवलेली नव्हती, तरी ते सातबारा घेऊन तंबूतल्या कचेरीपुढं रांगेत उभे राहिले. ज्याला सही येत नव्हती त्यानं अंगठा उठवला, पण अर्ज दिला. तेव्हा ‘जाऊ दे’ म्हणून कुणी बसलं नाही, कारण डोक्यावरच्या छपराचा प्रश्न होता. लेकीच्या प्रवेशाचा कागद त्यापेक्षा हलका समजू नका.

आता अवघड बोलतो. प्रत्येक नकाराला अपील नसतं. बी.एड.साठी पदवीला किंवा पदव्युत्तर परीक्षेला किमान 50 टक्के लागतात, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना 45. खुल्या गटातल्या मुलाला 49.6 टक्के असतील तर ते 50 धरा, असं म्हणून कितीही अर्ज केले तरी उपयोग नाही. किमान पात्रतेत असं वाढवून धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं नोकरभरतीच्या एका प्रकरणात 2011 मध्येच स्पष्ट केलेलं आहे. अशा पोराला अपिलाच्या मागं पळवून त्याचं वर्ष आणि उमेद दोन्ही घालवू नका. पण ‘पदवी किंवा पदव्युत्तर’ हे शब्द नीट वाचा. बी.ए.ला कमी पडले आणि एम.ए.ला 50 च्या वर मिळाले तर तो पात्र ठरू शकतो. अशा मुलानं बी.ए.चीच गुणपत्रिका जोडली आणि अपात्र ठरला, तर मात्र तक्रारीला जागा आहे.

पात्रता असणं वेगळं आणि तिचा कागद वेळेत दाखवणं वेगळं, हा फरक न्यायालयांनीही मानलेला आहे. ओडिशातल्या डॉली छांदा या माजी सैनिकाच्या मुलीला वैद्यकीय प्रवेश नाकारला गेला होता, कारण तिला मिळालेल्या सैनिक बोर्डाच्या दाखल्यातच चूक होती. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला. ठरलेल्या तारखेला पात्रता असायलाच हवी, पण तिच्या पुराव्याच्या बाबतीत परिस्थिती पाहून थोडी सैल भूमिका घेता येते, असा त्याचा आशय. दोन दिवसांचा उशीर न्यायालय माफ करतं, असा त्याचा अर्थ काढू नका. चूक आपली नाही आणि आपण लगेच हालचाल केली, हे दाखवता यायला हवं.

अतुल कुमारचं नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या टिटोरा गावचा, मजुराचा मुलगा. धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली, 17,500 रुपये 24 जून 2024 च्या संध्याकाळी पाचपर्यंत भरायचे होते. पैसे गोळा होईपर्यंत वेळ निघून गेली, जागा गेली. तो अनुसूचित जाती आयोगाकडं गेला, झारखंडच्या विधी सेवा प्राधिकरणाकडं गेला, मद्रास उच्च न्यायालयात गेला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात. 30 सप्टेंबर 2024 ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं आयआयटीला त्याला प्रवेश द्यायला सांगितलं. ते आयआयटीचं प्रकरण, आपलं बी.एड.चं. तरी त्यातली एक गोष्ट मला तुमच्यासमोर ठेवावीशी वाटते. त्या घरानं एका दारातून परत आल्यावर दुसरं दार शोधलं, आणि प्रत्येक ठिकाणी तेच कागद घेऊन गेलं. गरिबी हे त्याचं रडगाणं नव्हतं, उशीर का झाला याचं ते कारण होतं. तुमच्या बाबतीतही घरात कुणी दवाखान्यात होतं, पैसे वेळेत जमले नाहीत, तर तसं लिहा आणि त्याची तारीखवार कागदपत्रं जोडा.

सीईटी सेलकडून समाधान झालं नाही तर पुढं काय, हे पालक विचारतात. खासगी व्यावसायिक कॉलेजांच्या प्रवेशांवर देखरेख ठेवायला 2015 च्या कायद्यानं राज्यात प्रवेश नियामक प्राधिकरण नेमलेलं आहे, त्याच्याकडं लेखी दाद मागता येते. जे प्रवेश विद्यापीठ स्वतः करतं, तिथं वाट निराळी आहे. आपला धाराशिव जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येतो. पलीकडं चार कोसांवरचं किल्लारी लातूर जिल्ह्यात, म्हणून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात. लेकीनं कुठून पदवी घेतली आणि कुठं अर्ज केला हे पाहून मगच पत्रावर पत्ता घाला, किल्लारीच्या मैत्रिणीचं पत्र बघून उतरवू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते आणि तिच्यावर लोकपाल असतो. प्रवेश मागणारा, म्हणजे अजून प्रवेश न मिळालेला मुलगासुद्धा तिथं तक्रार करू शकतो. समितीनं शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर तो मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत लोकपालाकडं अपील करता येतं.

अर्ज का नाकारला हेच कुणी सांगत नसेल, तर माहितीचा अधिकार आहे. 2005 च्या या कायद्याखाली 30 दिवसांत उत्तर मिळायला हवं, नाही मिळालं तर तिथल्याच वरिष्ठ अधिकाऱ्याकडं पहिलं अपील. पण प्रवेशाचे राउंड 30 दिवस थांबत नाहीत, त्यामुळं तक्रार आधी आणि माहितीचा अर्ज तिच्या सोबत, अशी चाल ठेवा. दाखलाच वेळेत मिळत नसेल तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली तिथंही अपील आहे. सेवा केंद्रात अर्ज दिला की पोचपावती मागून घ्या. तारखेची ती चिठ्ठी पुढं कामाला येते.

प्रकरण खरोखरच कोर्टात नेण्यासारखं असेल तर संभाजीनगरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. वकिलाच्या फीच्या धास्तीनं मागं फिरू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिच्या घरचं उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांनाही तो आहे. धाराशिवच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं लेकीला घेऊन जा.

आता त्या दुसऱ्या तऱ्हेबद्दल, ‘काम करून देणाऱ्या’ माणसाबद्दल. तो तुमच्या घरी नकार आल्यावर दुसऱ्याच दिवशी येतो. “मॅनेजमेंटमधून करून देतो, एवढे द्या, बाकीचे नंतर,” म्हणतो. डोनेशन घेणं महाराष्ट्रात 1987 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि फी किती घ्यायची हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्या माणसाच्या बोलण्यात आणखी एक नुकसान दडलेलं असतं. शासनाच्या फी सवलती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांसाठी असतात. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं, वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, तीही याच वाटेनं प्रवेश घेतला तर. मॅनेजमेंटच्या जागेवर बसलेल्या पोरीला ती मिळत नाही. म्हणजे आधी त्याला पैसे द्यायचे आणि मग दोन वर्षं पूर्ण फीही भरायची. तेवढ्यासाठी बैलजोडी किंवा अर्धा एकर विकलेली घरं मी पाहिली आहेत. शिवाय शिक्षक होऊ घातलेलं पोर आपल्या डोळ्यांदेखत बापानं पाकीट दिलेलं बघतं. उद्या ते वर्गात कोणत्या तोंडानं मुलांना सांगणार, की कॉपी करू नका?

म्हणून अर्ज तिच्याच हातानं लिहू द्या. तुम्ही तो सेंटरवर टाइप करून आणलात, तर तिला काही कळणार नाही. पुढं तिच्या वर्गात असं एखादं पोर येईल ज्याची शिष्यवृत्ती नाव चुकल्यामुळं अडली असेल, किंवा ज्याची टीसी दुसऱ्या गावाहून आली नसेल. ऊसतोडीला गेलेल्या आई-बापाच्या त्या लेकराचा अर्ज तिलाच लिहून द्यावा लागेल. तुमचं काम शेजारी बसायचं आहे. फाइल धरा, एसटीचं तिकीट काढा, ऑफिसात तिच्या मागं उभे राहा, पण बोलू तिला द्या. पहिल्यांदा ती अडखळेल. साहेब तुमच्याकडं बघून बोलतील, तेव्हा शांतपणे म्हणा, “साहेब, अर्ज तिचा आहे, तिलाच सांगा.”

एवढं करूनही नकार कायम राहिला तर? राहू शकतो. मग तिचं वर्ष कशात जाणार हे तिच्याशी बसून ठरवा. एम.ए.ला नाव घालता येतं. डी.एल.एड. करता येतं, आणि ज्या मुलींना लहान मुलांनाच शिकवायचं आहे त्यांच्यासाठी तीच खरी वाट आहे, कारण 11 ऑगस्ट 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नुसत्या बी.एड.वर पहिली ते पाचवीच्या वर्गांवर नेमणूक होत नाही. हे पुष्कळ घरांत अजून पोचलेलं नाही. बारावीनंतरच शिक्षक व्हायचं पक्कं असेल तर चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रमही आता सुरू झाला आहे. आणि सीईटी पुढल्या वर्षी पुन्हा देता येते. पुन्हा देणाऱ्या मुलीला घरात “गेल्या वर्षी काय झालं माहीत हाय ना” असं ऐकवू नका. तिला ते रोज आठवत असतं.

स्थळांबद्दलही स्पष्टच सांगतो. नाकारलेला अर्ज हे लग्न उरकण्याचं कारण होऊ शकत नाही. तुम्हाला तिचं लग्न करायचंच असेल तर ते तिच्याशी बोलून, तिच्या मर्जीनं, वेगळ्या वेळी ठरवा. पण प्रवेश हुकल्याच्या आठवड्यात पाहुणे बोलावू नका. त्या आठवड्यात ती कशालाही ‘हो’ म्हणेल.

आणि ज्यांच्या मुली यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहेत त्यांनी एवढं लगेच करा. लेकीच्या स्वतःच्या नावानं ईमेल उघडून द्या आणि फॉर्ममध्ये घरातलाच मोबाइल नंबर घालायला सांगा, जो रात्री घरी असतो. दहावीच्या गुणपत्रकापासून सगळे मूळ कागद एकदा बाहेर काढून नावाचं स्पेलिंग जुळतंय का ते तिच्याबरोबर बसून बघा. वैधतेचा प्रस्ताव टाकला नसेल तर कॉलेजातून पत्र घेऊन आत्ताच टाका. नॉनक्रिमीलेअर 31 मार्चला संपतो, तेव्हा नवीन दाखल्याचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सेवा केंद्रात द्या. मे संपता संपता तिथं रांगा लागतात, सर्व्हर बंद पडतो, आणि मृगाचा पाऊस झाला की तुम्हालाही रानातून हलता येत नाही.